चौऱ्याऐंशी मीटरवरचा टोला

विट्यात मी काही सांगायला बसलो की लोक निम्मं वजा करूनच ऐकतात. माझ्या आजाने सनईवर एक सूर इतका लांब धरला की विहिरीचं पाणी दोन पायऱ्या वर आलं, ही हकीकत मी चाळीस वर्षं सांगतोय आणि चाळीस वर्षं कोणी ना कोणी म्हणतं, "तात्या, एक पायरी कमी करा." शेवटी केली. आता एकच सांगतो. धनाजी वायदंड्याच्या गोष्टीतही जे वजा करायचं ते करा. फक्त आकड्यांना हात लावू नका. ते माझे नाहीत.

मी सनई वाजवायचो आणि धनाजी नगारा. बावीस वर्षं आम्ही लग्नं वाजवली, पण आमचं खरं काम एका क्षणाचं. भटजींचं शेवटचं 'सावधान' संपायचं, अंतरपाट खाली यायचा आणि तिथंच नगाऱ्यावर धनाजीचा पहिला टोला पडायचा. आधी पडला तर अपशकुन, नंतर पडला तर नुसता आवाज. मी त्याला कधी खूण केली नाही. माझे गाल फुगले की त्याचा हात उठायचा. माझ्या गालांचा असा उपयोग बायकोलाही कधी सुचला नव्हता.

पुढं लग्नातली सनई स्पीकरच्या डबीत गेली. वर्षाला चार सुपाऱ्या यायला लागल्या, त्यातल्या दोन माझ्या भाच्यांच्या. तेव्हा पुण्याची एक कंपनी अस्सल वाजवणारे हात शोधत आली.

त्यांचा एक खेळ होता, घरात बसून वाजवायचा. टोरांटोत कोणी, नागोयात कोणी, प्रत्येकापुढं एक खोटा नगारा, कानात बोंडं, आणि सगळे मिळून एकाच तालात. मधोमध एक खराखुरा वादक लागायचा, ज्याच्याबरोबर बाकीच्यांनी हात जुळवायचे. तो धनाजी. अडचण एकच होती. टिपरी आपटल्यापासून आवाज कानात येईपर्यंत उशीर. टिपरीतून यंत्रात, यंत्रातून समुद्राखालच्या तारांत, तिथून परत कानातल्या बोंडात; प्रत्येक नाक्यावर थोडा थोडा वेळ जातो. आणि पुण्याहून टोरांटोला जायला उजेडालाही वेळ लागतोच. हा उशीर मारता येईना, तेव्हा कंपनीने तो सगळ्यांना सारखा वाटला. सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले दोनशे चाळीस. म्हणजे पाव सेकंदाला जरा कमी. तुम्ही वाजवा, पाव सेकंदाने ऐका.

"मग वाजवतात कसं?" मी विचारलं होतं.

"आधी मारायचं," धनाजी म्हणाला. "समेवर आवाज पाहिजे असंल तर समेच्या आधी हात खाली. दोन दिवस डोकं फिरतं, मग जमतं."

घरी खेळणाऱ्यांचं डोकं चहा होईपर्यंत ठिकाणावर यायचं. पण पगारी वादकांच्या मनगटाला कंपनीने एक पट्टा बांधला होता. प्रत्येक टोल्यानंतर बरोबर दोनशे चाळीस तुकड्यांनी तो नसेला बारीक चिमटा काढायचा आणि मेंदूला पढवायचा, की 'आत्ता' म्हणजे हे. रोज आठ तास. तीन वर्षं. मग कंपनीने धनाजीचा हात यंत्रात भरून घेतला, पट्टा सोडून घेतला, शाल-श्रीफळ दिलं आणि त्याला विट्याच्या गाडीत बसवलं.

परत आलेला धनाजी मला पहिल्यांदा दिसला तो त्याच्या ओसरीवर, चहा पिताना. कप बशीत ठेवला. किण्ण आवाज झाला. धनाजी कपाकडे बघत बसला.

"काय रं?" मी म्हणालो.

"कप वाजला."

"तू ठेवलास, म्हणून वाजला."

"मी नंतर ठेवला."

त्याची बायको उज्ज्वला आतून म्हणाली, "ऐका तात्या. आठ दिवस हेच चाललंय. दार वाजतंय, मग हे ढकलतात. काल माझ्यावर ओरडले आणि म्हणतात कसं, कोण ओरडलं गं?"

"खरंच मला वाटलं, दुसरं कोण तरी हाय," धनाजी म्हणाला. त्याच्या आवाजात लाजही नव्हती आणि चीडही नव्हती. बसस्टँडवर गाड्यांची नावं सांगतात तसा बोलत होता.

त्याला वाजवायला घातलं की सुधारेल, असं मला वाटलं. लेंगऱ्याला एका लग्नाची सुपारी होती. मी गाल फुगवले. भटजी 'साव' म्हणाले आणि 'धान' म्हणायच्या आत नगारा कडाडला. अंतरपाट धरणाऱ्याने दचकून तो सोडला. नवरदेवाने घाईत हार घातला तो नवरीच्या कानाला अडकला. भटजी उरलेलं 'धान' तोंडात घेऊन उभे. मांडवात एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "ह्यांचं काय खरं न्हाय आता." जेवणात आम्हाला जिलबी वाढली नाही.

परतताना जीपमध्ये धनाजी म्हणाला, "मी बरोबर मारला होता."

"माहीत आहे."

"वाईट वाटायला पाहिजे ना तात्या, अशा वेळी?"

"पाहिजे."

"हं," म्हणाला आणि बाहेर बघायला लागला.

मी त्याला पुण्याला घेऊन गेलो. कंपनीत नाही, तिथल्या पहारेकऱ्याने आम्हाला हसून बाहेर काढलं. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या केतकी सबनीस म्हणून एक बाई होत्या, त्यांच्याकडे. बाईंनी धनाजीला एक बटण दाबायला दिलं, दिवा लागताना बघायला सांगितलं, दोन तास हेच. मग आम्हाला समोर बसवलं.

"एका हाताने नाकाला आणि दुसऱ्याने पायाच्या अंगठ्याला एकदमच बोट लावा," त्या मला म्हणाल्या. वयाच्या मानाने मी चांगला वाकलो. "दोन्ही एकदमच लागली ना? पण अंगठ्याची बातमी मेंदूला उशिरा पोचते, तिला अंतर जास्त. मेंदू नाकाची बातमी धरून ठेवतो, अंगठ्याची आली की दोन्हींवर एकच वेळ टाकतो. 'आत्ता' ही वस्तू जगात नसते, तात्या. मेंदू ती जुळवतो. आणि जुळवतो म्हणजे नवीन सवयही लावून घेतो."

"मग ह्याचं?"

"ह्यांच्या मेंदूने ठरवलंय की कृती आणि आवाज यांच्यात पाव सेकंद असतोच, आणि तो आपण हिशोबात धरायचा नाही. आता खऱ्या जगात पाव सेकंदच नाही. आवाज लगेच येतो. मेंदूचा हिशोब असा, की आवाज आधी झाला, मी नंतर केलं. आणि जे माझ्या आधी झालं, ते मी कसं केलेलं असेल? दुसऱ्या कुणी तरी केलं."

"सगळंच दुसरं कोणी करतंय," धनाजी म्हणाला. एवढ्या दिवसांत त्याने मान हलवलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"बरं कधी होईल?"

"नुसत्या सवयीचं असतं तर एका दुपारीत गेलं असतं. पट्ट्याने ते रुजवलंय." बाईंनी आम्हाला चहा दिला. कप ठेवताना धनाजीने डोळे मिटून घेतले.

ही झाली अडचण. आता अडचणीत जे अडकलं होतं ते सांगतो. धनाजीची एकुलती एक मुलगी ईश्वरी, तिचं लग्न मे महिन्यात ठरलेलं. आणि वायदंड्यांच्या घरात एक चाल आहे. इतरांच्यात बाप हातावर पाणी सोडतो, मुलगी देतो. नगारा वाजवणाऱ्याचे हात त्या वेळी रिकामे नसतात. म्हणून त्यांच्यात मुलीच्या लग्नातला पहिला टोला बापाने मारायचा. तो टोला म्हणजेच देणं. टोला पडला की मुलगी गेली. धनाजीच्या तिन्ही बहिणी त्याच्या बापाच्या टोल्यावर गेल्या होत्या, आणि तिसरीच्या वेळी म्हाताऱ्याची टिपरी मोडली होती, एवढ्या जोराने मारला त्याने.

उज्ज्वला म्हणाली, "चुलत्याला मारू दे."

ईश्वरी म्हणाली, "पप्पा मारणार. नाहीतर लग्नात टोलाच नको. मी रजिस्टर करून येते."

"आणि आधी पडला तर? लेंगऱ्यागत?"

"पडू दे."

"पडू दे म्हणती! तुझी सासू काय म्हणंल?"

धनाजीला जमत नव्हतं असं नाही. मी त्याला घरामागं बसवून सराव घेतला. "मनात एक म्हण आणि मग मार." त्याने तसं केलं. टोला जागच्या जागी पडला, नेमका. मी टाळी वाजवली.

"हा माझा न्हवता," धनाजी म्हणाला.

"अरे, बरोबर पडला!"

"पडला. कोणीतरी मारला. माझा हात मागनं गेला." त्याने टिपरी नगाऱ्यावर आडवी ठेवली. "तात्या, मी असा मारीन, लोक अक्षता टाकतील, ईश्वरी जाईल. आणि मी बघत बसेन, कुणी दिली म्हणून. मी तर दिलेली नसणार."

हे सगळं त्याने त्याच सपाट आवाजात सांगितलं. रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

म्हणजे पेच असा होता. वेळेवर मारला तर जगाचा टोला, त्याचा नाही. त्याच्या वेळेवर मारला तर त्याचा, पण जगाला अपशकुन.

त्याच्या घरामागं मोकळं रान आहे, आणि त्यापलीकडं एक पाथरवट दगड फोडायला बसतो. धनाजी संध्याकाळी तिकडं तोंड करून बसायचा. मला वाटायचं, कुठंही बघतोय. एक दिवस तो म्हणाला, "त्याचं एकट्याचं बरोबर चाललंय."

"कुणाचं?"

"त्या दगडवाल्याचं. घण खाली येतो आणि मग आवाज. बघताना बरं वाटतं."

मी बघितलं. घण दगडावर टेकायचा, मग ठण्ण ऐकू यायचं. लहानपणापासून पाहिलेलं. प्रकाश लगेच येतो, आवाज रमतगमत. मी घरात जाऊन उज्ज्वलाकडून कागद घेतला आणि केतकीबाईंना फोन लावला.

"बाई, आवाज सेकंदाला किती चालतो?"

"साधारण तीनशे त्रेचाळीस मीटर. उन्हात जास्त. मे महिन्यात साडेतीनशे धरा. का?"

पूर्ण सेकंदाला साडेतीनशे मीटर, तर दोनशे चाळीस तुकड्यांत किती? उत्तर आलं चौऱ्याऐंशी मीटर. मी मागच्या दारापासून पावलं मोजत निघालो आणि पाथरवटाच्या चार पावलं अलीकडं थांबलो. तो म्हणाला, "काय हरवलं का?" मी म्हणालो, "सापडलं."

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या भंगारबाजारातून रेल्वेच्या जुन्या सिग्नलची तार आणली. पूर्वी केबिनमध्ये माणूस खटका ओढायचा आणि दूरवर सिग्नलचा हात पडायचा, ती. खटकाही आणला, चाकंही आणली. घरामागच्या रानात मांडव पडणार होता. तिथं खटका रोवला. तिथून चौऱ्याऐंशी मीटरवर, ईश्वरीच्या चुलत्याच्या परड्यात तुळशीवृंदावन आहे, त्याच्या शेजारी नगारा ठेवला आणि वर चिंध्या गुंडाळलेला लोखंडी हातोडा टांगला. मधे तार. पोलादातून ओढ सेकंदाला पाच हजार मीटर धावते, म्हणजे धनाजीने इकडं ओढलं की तिकडं हातोडा जवळजवळ त्याच क्षणी पडणार. पण आवाज? तो हवेतून परत येणार, रमतगमत, दोनशे चाळीस तुकडे घेऊन. धनाजी त्याच्या वेळेला ओढेल, मांडवाला जगाच्या वेळेला ऐकू येईल. कंपनीचा उशीर आम्ही परड्यात बांधून ठेवला होता.

धनाजीने खटका ओढला. रानापलीकडून धोंम् आला.

त्याने खटका सोडला. मग स्वतःच्या तळहाताकडं बघत म्हणाला, "हा माझा."

दहा वेळा ओढला, आठ वेळा बरोबर पडला. उज्ज्वला दाराच्या चौकटीत उभी राहून मोजत होती.

"आणि त्या दोन वेळा?" तिने मला बाजूला घेऊन विचारलं.

"तार नवीन बांधलीय, बसंल."

"तुमचं निम्मं वजा केलं तर चारच वेळा पडतोय, तात्या." तिने पदर खोचला. "लग्न लागताना मुलीची आई मांडवात नसती. तुळशीला पाणी घालत बसायचं असतं, पाठ करून. मी तिथंच असणार, नगाऱ्यापाशी. समजा तारेनं दगा दिला. मी कधी मारायचा?"

ती बावीस वर्षं नगाऱ्याच्या घरात नांदली होती आणि तिने एकदाही टिपरी हातात धरली नव्हती. मी हिशोब सांगितला. मांडवातलं 'सावधान' तुझ्यापर्यंत यायला पाव सेकंद, तुझा टोला मांडवात जायला पाव सेकंद. म्हणून अर्धा सेकंद आधी. "शेवटच्या 'सावधान'मधला 'सा' ऐकू आला, की विचार न करता हाणायचा."

धनाजी बाजारात गेला की ती पालथ्या घमेल्यावर लाटण्याने सराव करायची, मी भटजी व्हायचो. चार दिवसांत मी कमीत कमी दोनशे लग्नं लावली. बरं, दीडशे धरा.

लग्न दुपारी बारा चाळीसचं. ऊन असं, की मांडवाच्या खांबांना हात लागत नव्हता. आदल्या दिवशी तार बांधताना आम्ही दोघा म्हाताऱ्या वादकांनी एक शहाणपण केलं होतं. नगाऱ्याचं कातडं उन्हात ताणतं, जन्मभर पाहिलेलं. तेव्हा तारही ताणणार आणि तुटणार, म्हणून तिला मुद्दाम थोडी सैल सोडली. पोलाद उन्हात ताणत नाही, वाढतं, हे आम्हाला कातड्याने कधी शिकवलं नव्हतं. चौऱ्याऐंशी मीटर तार भर उन्हात दोन बोटं लांबली. आमची सैल दोन बोटं, सूर्याची दोन बोटं, आणि खटक्याची सगळी ओढ तेवढीच.

मांडवात हे कुणालाच दिसलं नाही. ईश्वरी अंतरपाटामागं उभी होती, मान वळवून बापाकडं बघत. धनाजी खटक्यावर दोन्ही हात ठेवून बसला होता, तोंडावर काहीच नाही. शेवटचं कडवं आलं. माझे गाल फुगले. भटजींनी 'सा' म्हटलं, 'व' म्हटलं, आणि धनाजीने खटका ओढला.

पाण्यातून दोरा ओढावा तसा तो आला. मला दिसलं. जन्मात खटका न ओढलेल्या माणसालाही कळलं असतं, की त्या टोकाला काही नाही. माझा श्वास सनईच्या तोंडाशी अडला.

"...धान."

धोंम्.

अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या. त्या आवाजाला तोड नव्हती. मांडवाच्या कापडाला लाट गेल्यासारखं झालं. मी सनईत हवा सोडली, काय वाजवलं ते मला आजही आठवत नाही. ईश्वरीने हार घालायच्या आधी बापाकडं बघितलं, आणि धनाजीचं तोंड वाकडं झालं. खालचा ओठ, मग हनुवटी. गालावरून पाणी आलं तर त्याने ते बोटाने पुसून बोटाकडं पाहिलं.

"तात्या," तो म्हणाला, "दिली मी."

"दिलीस."

"दुखतंय ओ हे."

"दुखणारच रे बाबा," मी म्हणालो. एवढं साधं वाक्य मी जन्मात बोललो नसेन.

मी परड्यात गेलो तेव्हा उज्ज्वला तुळशीपाशी बसली होती, कळशी मांडीशी, पाठ मांडवाकडं. हातोडा जिथल्या तिथं टांगलेला. तार जमिनीला लोळत होती. टिपरीचे दोन तुकडे तिने पदराखाली धरले होते.

"वेळेवर गेला का?" तिने मान न वळवता विचारलं.

"गेला."

"त्यांना?"

"त्यांचाच वाटला."

ती उठली, तुकडे चुलत्याच्या चुलीत घातले, तोंड धुतलं आणि मांडवात गेली. धनाजी तिला म्हणाला, "ऐकलास का गं? मी मारला."

"ऐकला की," ती म्हणाली. "तुळस हलली."

संध्याकाळी वऱ्हाड गेल्यावर मी तार गुंडाळायला निघालो, तर धनाजी म्हणाला, "ऱ्हाऊ दे." ऊन उतरलं होतं, पोलाद आखडलं होतं, तार पुन्हा ओढ घेत होती. त्याने खटका ओढला. हातोडा पडला, धोंम् आला. "बघा," तो म्हणाला, "अजून बरोबर हाय."

ती तार तिथंच आहे. धनाजी सुधारलेला नाही. कप अजून आधी वाजतो, दार आधी लागतं, आणि दिवसभर तो बसस्टँडवरच्या आवाजात बोलतो. पण सूर्य मावळताना एकदा खटका ओढतो, एकच. त्यानंतर घडीभर उज्ज्वलाशी बोलतो, कधी भांडतोही, आणि भांडला तर ते त्याचं त्याला कळतं. दुपारचा तो ओढायला गेला तर ती अडवते. "आवं, लोक झोपल्यात," म्हणते. मे महिन्यात तर ती खटक्यावर वाळवण घालून ठेवते.

हे मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय, म्हणून तुम्ही मला नावं ठेवाल. ठेवू नका. परवा धनाजीनेच पारावर माझ्या तोंडून हे सगळं ऐकलं, तार, टिपरी, चूल, सगळं. शेवटपर्यंत ऐकलं, मग उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तात्या, ह्यातलं निम्मं वजा करा."

कुठलं निम्मं, ते मी विचारलं नाही.